वाचक विचारतात : काउंटीचे रोखे, पालिकेचे कर्ज आणि आपली घरपट्टी

सरकारी कर्जाविषयीची पत्रे या वेळी जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून आली. काहींना अमेरिकेत राहणाऱ्या मुलांच्या कराच्या बिलाचे कोडे पडले आहे, तर काहींना आपल्या पालिकेची चिंता आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलगा-सून कॅलिफोर्नियात असतात. त्यांच्या घरपट्टीच्या बिलात मूळ कराखाली चार-पाच बारीक ओळी आहेत आणि काहींपुढे ‘बाँड’ असे लिहिले आहे. घराचे कर्ज तर बँकेचे आहे. मग हे कुणाचे कर्ज ते फेडतात? आणि काउंटी म्हणजे आपला जिल्हाच ना?
— चाळीसगाव

काउंटीला जिल्हा म्हटले तरी चालेल, पण तुलना फार ताणू नका. आपल्याकडे जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस आणि मुद्रांक विभाग ही कामे वाटून घेतात. तिथे त्यातली बरीचशी काउंटीच्या छपराखाली येतात : जमिनीच्या नोंदी, मालमत्तेचे मूल्यांकन, शेरीफ आणि तुरुंग, रस्ते, कुठे सरकारी दवाखाना, कुठे सांडपाण्याची व्यवस्था. देशात अशा तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. लुइझियानात त्यांना ‘पॅरिश’ म्हणतात आणि कनेक्टिकटमध्ये काउंटी सरकारच नाही. खरा फरक पैशाचा आहे. जिल्हा परिषद मुख्यतः मुंबईहून येणाऱ्या अनुदानावर चालते, काउंटी स्वतः कर बसवते आणि स्वतःच्या नावावर कर्ज काढते.

आता त्या ओळी. कॅलिफोर्नियात १९७८च्या ‘प्रपोझिशन १३’ने मूळ मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला. त्यावर मूल्याच्या टक्केवारीने जादा कर लावायचा तर तो मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जाच्या फेडीसाठीच लावता येतो, आणि काउंटीच्या रोख्यांना, म्हणजे बाँड विकून लोकांकडून घेतलेल्या कर्जाला, दोन तृतीयांश मते लागतात. शाळांच्या रोख्यांसाठी २००० सालापासून अटींसह ५५ टक्के पुरतात, त्यामुळे बिलात शाळांच्याच ओळी जास्त दिसतील. म्हणजे मुलाने घर घेण्यापूर्वी त्या भागातल्या लोकांनी एखादी शाळा, ग्रंथालय किंवा दवाखाना बांधण्याला ‘हो’ म्हटले, आणि फेड घराबरोबर नव्या मालकाकडे आली. घराचे करपात्र मूल्य ६ लाख डॉलर आणि एका ओळीचा दर ०.०२ टक्के असेल, तर त्या ओळीचे वर्षाला १२० डॉलर होतात. शेजाऱ्याचे घर तसेच असून त्याला कमी येत असेल तर त्यात घोळ नाही. तिथे मूल्य खरेदीच्या किमतीवर ठरते आणि नंतर वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्याला कमी, काल घेतलेल्याला जास्त.

अशा रोख्यांना ‘जनरल ऑब्लिगेशन’ म्हणतात. त्यांच्या मागे काउंटीची सगळी पत आणि कर बसवण्याचा अधिकार उभा असतो. दुसरा प्रकार ‘रेव्हेन्यू बाँड’. सांडपाणी, विमानतळ, पार्किंग अशा एखाद्या सेवेची जी पट्टी गोळा होते, त्यातूनच त्याची फेड होते आणि करदात्याच्या खिशाला हात लागत नाही, निदान कागदावर तरी. तिसरा प्रकार फसवा आहे : खासगी रुग्णालयासाठी किंवा वसतिगृहासाठी काउंटी फक्त आपले नाव देते, फेड त्या संस्थेने करायची. वर काउंटीचे नाव पाहून पैसे गुंतवणारे इथेच फसतात, कारण संस्था बुडाली तर काउंटी एक डॉलरही देणे लागत नाही.

रोखे काढण्याची रीत साधारण अशी. काउंटीचे निवडून आलेले मंडळ ठराव करते. स्वतंत्र वित्त सल्लागार हिशेब मांडतो. ‘बाँड काउन्सेल’ म्हणजे या कामातला वकील, कर्ज कायदेशीर आहे आणि त्याचे व्याज करमुक्त आहे असे लेखी मत देतो. त्या कागदाशिवाय कुणी रोखे हातात धरत नाही. मतदान लागत असेल तर मतपत्रिकेवर रक्कम आणि हेतू छापावे लागतात. मग मूडीज, एस अँड पी किंवा फिच अशा संस्थांकडून मानांकन, म्हणजे फेडीच्या भरवशाचे गुण, घेतात. त्यानंतर सगळी आर्थिक स्थिती मांडणारे माहितीपत्रक निघते. विक्री दोन तऱ्हांनी होते. एका तऱ्हेत लिलाव होतो आणि ज्याच्या बोलीत एकूण व्याजखर्च सर्वांत कमी त्या दलाल-बँकेला सगळे रोखे मिळतात. दुसरीत आधीच निवडलेल्या बँकेशी दर ठरवून विक्री होते. पत चांगली आणि रोखा सरळसाधा असेल तर लिलाव स्वस्त पडतो, आणि तरीही काउंट्या दुसऱ्या वाटेने जातात तेव्हा ‘का’ असे विचारायला हरकत नाही. पुढे बँक ते ५,००० डॉलरच्या पटीत लोकांना विकते.

व्याजावर केंद्राचा आयकर नाही, म्हणून दर कमी असतो. ३२ टक्क्यांच्या टप्प्यात कर भरणाऱ्याला ४ टक्क्यांचा करमुक्त रोखा ५.८८ टक्क्यांच्या करपात्र रोख्याइतका पडतो. या सवलतीचा गैरफायदा घेऊ नये म्हणून कर खात्याच्या अटी आहेत. साधारणपणे कर्जाचा ८५ टक्के पैसा तीन वर्षांत खर्च होईल अशी वाजवी खात्री काढतानाच असावी लागते, आणि स्वस्तात काढलेला पैसा जास्त व्याजाने गुंतवून मिळवलेला फायदा सरकारला परत द्यावा लागतो. मुलाला कुतूहल असेल तर ‘एम्मा’ नावाच्या सरकारमान्य संकेतस्थळावर त्याच्या काउंटीच्या रोख्यांचे माहितीपत्रक फुकट वाचता येईल.

प्रश्न : आमच्या सोसायटीत खरिपाला पीककर्ज उचलतात आणि कापूस विकला की भरतात. काउंटीसारखी मोठी सरकारेही असे हंगामी कर्ज काढतात का?
— पाचोरा

काढतात, आणि कारणही तेच. कॅलिफोर्नियातल्या काउंटीचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. पगार, औषधे, तुरुंगाचा खर्च त्याच दिवसापासून चालू. मालमत्ता कराचा पहिला हप्ता मात्र १० डिसेंबरपर्यंत आणि दुसरा १० एप्रिलपर्यंत भरायची मुभा असते. मधल्या पाच महिन्यांसाठी काउंटी ‘टॅक्स अँड रेव्हेन्यू अँटिसिपेशन नोट’ काढते, म्हणजे येणाऱ्या करावर उचललेली उसनवार. मुदत साधारण वर्षाच्या आत, आणि फेडीसाठी ठरलेल्या महिन्यांत ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात काढून ठेवायची.

धोकाही तुम्हाला ओळखीचाच वाटेल. यंदाची उसनवार पुढच्या वर्षीच्या उसनवारीतून फेडणे म्हणजे सोसायटीतले नवे-जुने. तूट दर वर्षी थोडी वाढत गेली की हंगामी कर्ज कायमचे होते आणि मानांकन संस्थांना पहिली शंका तिथेच येते. ‘बाँड अँटिसिपेशन नोट’ ही याची बहीण : मोठे रोखे निघेपर्यंत काम सुरू ठेवायला काढलेले कर्ज. तिच्या मुदतीत रोखे निघाले नाहीत किंवा दर चढले, तर काउंटी कोंडीत सापडते.

प्रश्न : पालिकेने १०० कोटी काढले तर दहा वर्षांनी एकदम फेडणे बरे की दरवर्षी थोडे? वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवताना नेमका आकडा हवा आहे.
— धुळे

व्याज ८ टक्के, मुदत १० वर्षे धरू.

मुद्दल शेवटी एकदम द्यायचे असेल तर दरवर्षी ८ कोटी व्याज जाते, दहा वर्षांत ८० कोटी. दरवर्षी १० कोटी मुद्दल फेडले तर पहिल्या वर्षी ८ कोटी, दुसऱ्या वर्षी ७.२ कोटी असे व्याज उतरत शेवटच्या वर्षी ८० लाख राहते. एकूण व्याज ४४ कोटी. गृहकर्जासारखा समान हप्ता ठेवला तर हप्ता सुमारे १४.९० कोटी बसतो आणि एकूण व्याज सुमारे ४९ कोटी होते.

इथपर्यंत पाहून विद्यार्थी म्हणतील, एकदम फेडणे मूर्खपणाचे. पण मुद्दल शेवटी द्यायचे असते तेव्हा ‘सिंकिंग फंड’ ठेवावा लागतो, म्हणजे त्या दिवसासाठी दरवर्षी बाजूला काढलेली रक्कम. तो ६.५ टक्क्यांनी गुंतवला तर १०० कोटी जमायला वर्षाला सुमारे ७.४१ कोटी टाकावे लागतात. ८ अधिक ७.४१, म्हणजे दर वर्षी १५.४१ कोटी. समान हप्त्यापेक्षा वर्षाला जवळपास ५० लाख जास्त, कारण कर्ज ८ ने काढले आणि निधी ६.५ ने वाढतो. मधल्या दीड टक्क्याची ही किंमत. निधी पहिल्या वर्षापासून टाकला नाही आणि पाचव्या वर्षी आठवण झाली, तर उरलेल्या पाच वर्षांत दर वर्षी सुमारे १७.५६ कोटी टाकावे लागतील. निवडणुकीच्या वर्षी सिंकिंग फंड चुकवणारे सभागृह पुढच्या सभागृहाच्या गळ्यात हाच आकडा बांधते.

म्हणूनच अमेरिकी काउंट्या बहुधा मालिकेचे रोखे काढतात : एकाच विक्रीत काही एका वर्षात फिटणारे, काही दोन, काही वीस. जवळच्या मुदतीचे व्याज सहसा कमी असते आणि मुद्दल दर वर्षी उतरत जाते. लांब मुदतीच्या रोख्यांत बहुधा दहा वर्षांनंतर मुदतीआधी फेडण्याची मुभा ठेवतात, म्हणजे दर उतरले की नवे काढून जुने फेडता येतात. आणखी एक बाब मुलांना जरूर शिकवा. कर्जाची मुदत वस्तूच्या आयुष्यापेक्षा जास्त नसावी. जलवाहिनीला वीस वर्षांचे कर्ज ठीक. डांबरी रस्त्याला वीस वर्षांचे काढले तर रस्ता सात पावसाळ्यांत उखडतो आणि हप्ते मागे राहतात.

प्रश्न : जळगाव शहराने हुडकोच्या कर्जापायी काय भोगले ते आम्ही पाहिले. हुडकोऐवजी रोखे असते तर वेगळे घडले असते का? जळगाव किंवा धुळे महापालिका आज रोखे काढू शकेल का?
— जळगाव, एक निवृत्त पालिका कर्मचारी

जळगावची गोष्ट बाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळींत : जुन्या नगरपालिकेने घरकुल व इतर योजनांसाठी हुडको या केंद्राच्या गृहवित्त कंपनीचे कर्ज घेतले, ते थकत गेले, वसुली न्यायाधिकरणाच्या आदेशाने महापालिकेची बँक खाती गोठली आणि शेवटी राज्य सरकारने हात दिल्यावर तडजोड झाली. रोखे असते तर कर्ज गोड झाले असते असे नाही. पण दोन बाबतीत फरक पडला असता. एक, पैसे यायच्या आधीच फेडीचा नळ वेगळा जोडावा लागला असता. दुसरी, थकबाकी वर्षानुवर्षे फाइलीत निजून राहू शकली नसती. शेअर बाजारात नोंदलेल्या रोख्याचा एक हप्ता चुकला तरी ते जगजाहीर होते.

त्या नळाला एस्क्रो खाते म्हणतात. समजा, पालिकेने घरपट्टी गहाण टाकली. मग घरपट्टीचा प्रत्येक रुपया आधी एस्क्रो खात्यात पडतो. सहामाही व्याजाचा सहावा भाग दर महिन्याला बाजूला निघतो, मुद्दलाच्या सिंकिंग फंडाचा हिस्सा निघतो, अडीअडचणीसाठी ठेवलेली राखीव शिल्लक कमी झाली असेल तर ती भरली जाते, आणि उरलेले पालिकेच्या सर्वसाधारण खात्यात येते. पगार आणि ठेकेदारांची बिले त्याच्यानंतर. खाते रोखेधारकांच्या वतीने विश्वस्त संस्था पाहते. आयुक्त बदलला, महापौर बदलला, तरी क्रम बदलत नाही. पालिकेतल्या अनेकांना हे जाचक वाटते, आणि खरोखर तसे आहेच. वसुली ४० टक्क्यांवर घसरली तर रोख्याचा हप्ता आधी भरला जातो आणि पगार थकतो. पण जाच नसता तर रोखा कुणी घेतला नसता.

कायद्याची वाट अशी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १०९ खाली कर्ज काढता येते, त्याला सभागृहाचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. रोखे बाजारात आणायचे तर सेबीचे, म्हणजे भांडवली बाजाराच्या नियामकाचे, २०१५चे नियम लागू होतात. लोकांना जाहीर विक्री करायची असेल तर मागच्या तीनपैकी एखाद्या वर्षी तरी खर्चापेक्षा उत्पन्न जास्त असावे, गेल्या ३६५ दिवसांत बँक वा वित्तसंस्थेचे देणे थकलेले नसावे, आणि हिशेब राष्ट्रीय नगरपालिका लेखासंहितेप्रमाणे असावेत. खरा अडथळा शेवटचाच. दुहेरी नोंदीचे, लेखापरीक्षण झालेले तीन वर्षांचे ताळेबंद हवेत. रस्ते, पाण्याच्या टाक्या, मोकळे भूखंड यांची किंमत त्यात कुठेतरी लिहिलेली हवी. ज्या पालिकेत मालमत्ता रजिस्टर अर्धवट आहे, तिचे काम मानांकनाच्या पहिल्याच बैठकीत अडते.

जळगाव आणि धुळे, दोन्ही २००३ साली महापालिका झाल्या. त्यांनी विचारायचे प्रश्न उघड आहेत : घरपट्टीची चालू मागणी किती आणि त्यातली त्याच वर्षी वसूल किती, पाणीपट्टीतून पाणी योजनेची वीज तरी सुटते का, जुन्या कर्जांचा हप्ता उत्पन्नाच्या किती टक्के आहे. वसुलीचा आकडा सांगताना जुनी थकबाकी आणि चालू मागणी एकत्र करून टक्केवारी फुगवण्याची आपल्याकडे सवय आहे. मानांकन संस्था ती पहिल्या तासात सोलून काढते.

इतर शहरांनी काय केले? बंगळूरने १९९७ साली राज्याच्या हमीवर १२५ कोटी उभे केले. अहमदाबादने १९९८ साली हमी न घेता १०० कोटी काढले, व्याज १४ टक्के. आपल्या शेजारच्या नाशिकने १९९९ साली १०० कोटी काढले. मग जवळपास सगळे थंडावले. २०१७च्या जूनमध्ये पुण्याने चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटी १० वर्षांसाठी ७.५९ टक्क्यांनी उभे केले, आणि केंद्राकडून बक्षीसही मिळाले. अमृत योजनेत १०० कोटींच्या रोख्यांमागे १३ कोटी, जास्तीत जास्त २६ कोटी असे प्रोत्साहन होते. व्याजाचा भार त्याने बराच हलका होतो. मात्र बक्षिसासाठी रोखे काढून काम सुरूच न करणे हा जुना रोग आहे. निविदा रद्द होतात, पैसा ठेवीत पडतो, व्याज चालू राहते.

प्रश्न : आमच्यासारख्या नगरपरिषदेला कोण विचारतो? वीस-पंचवीस कोटींचे काम आहे. आणि जिल्हा परिषदेला रोखे काढता येतात का?
— शहादा, एक माजी नगरसेवक

जिल्हा परिषदेचे आधी सांगतो. सेबीचे नियम संविधानाच्या अनुच्छेद २४३-क्यू खालच्या नगरपालिकांसाठी आहेत. जिल्हा परिषद पंचायतींच्या भागात येते. त्या वाटेने तिला जाता येत नाही.

नगरपरिषदेची अडचण खर्चाची आहे. वकील, सल्लागार, मानांकन, विश्वस्त, बाजारातली नोंद यांचा खर्च २० कोटींना आणि २०० कोटींना जवळपास सारखाच येतो. यावर तोडगा म्हणजे अनेक गावांची मिळून एक मोळी. तामिळनाडूने २००२ साली तेरा छोट्या शहरांचे पाणी व सांडपाण्याचे प्रकल्प एकत्र करून ३०.४१ कोटींचे रोखे १५ वर्षांसाठी ९.२ टक्क्यांनी विकले. प्रत्येक शहराने आपल्या उत्पन्नातून दरमहा हप्ता द्यायचा. एखादे शहर चुकले तर आधी राखीव निधीतून भागवायचे आणि त्या शहराचा राज्याकडून येणारा पैसा अडवायचा. वर मुद्दलाच्या निम्म्याला अमेरिकी मदत संस्थेची हमी होती. शहादा, तळोदा, शिरपूर, दोंडाईचा, अमळनेर, चोपडा अशी मोळी कागदावर सहज बांधता येते. बांधणारा मात्र राज्य सरकारचा निधी लागेल, आणि गावागावांतले अविश्वास मिटवण्याचे काम वकिलाचे नाही.

प्रश्न : केळीचे थोडे पैसे शिल्लक आहेत. पतसंस्थेत ठेवायची हिंमत उरली नाही. पालिकेचे रोखे घ्यावेत का, आणि घ्यायचे कसे?
— फैजपूर

सातपुड्याच्या पलीकडचे उदाहरण घ्या. इंदूर महापालिकेला नर्मदेचे पाणी वर चढवायला प्रचंड वीज लागते. त्यासाठी खरगोन जिल्ह्यात जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला तिने फेब्रुवारी २०२३मध्ये रोखे काढले आणि ते थेट सामान्य माणसाला विकले. २४४ कोटी रुपये, व्याज ८.२५ टक्के, दर सहा महिन्यांनी. १,००० रुपयांचा रोखा २५० रुपयांच्या चार तुकड्यांत होता. तुकडे ३, ५, ७ आणि ९ वर्षांनी परत मिळणार. मुद्दल टप्प्याटप्प्याने हाती येते हे शेतकऱ्याला सोयीचे.

घ्यायला डिमॅट खाते लागते. जाहीर विक्री असेल तर अर्ज दलालामार्फत किंवा बँकेतून करता येतो आणि पैसे वाटप होईपर्यंत खात्यातच अडकून राहतात. नंतर घ्यायचे तर बाजारातून घ्यावे लागतात. तिथे अडचण ही की खरेदी-विक्री तुरळक असते. केळीच्या बागेला अचानक पैसा लागला आणि घेणारा नसला, तर पडेल भावाने विकावे लागते. शिवाय दर वाढले की जुन्या रोख्याचा भाव उतरतो : ८ टक्क्यांचा, पाच वर्षे उरलेला १,००० रुपयांचा रोखा बाजारात ९ टक्के मिळू लागल्यावर साधारण ९६१ रुपयांना जातो, दर ७ वर आला तर १,०४१ ला. मुदतीपर्यंत थांबलात तर पूर्ण मुद्दल मिळते, ते पालिका शाबूत असेपर्यंत.

बँकेच्या ठेवीवर ५ लाखांपर्यंत विमा असतो, रोख्यावर कसलाही विमा नाही. नोंदलेल्या रोख्यांच्या व्याजावर एप्रिल २०२३पासून १० टक्के टीडीएस कापला जातो. ‘पालिकेचे म्हणजे करमुक्त’ असे कुणी सांगितले तर माहितीपत्रक उघडून दाखवायला सांगा; केंद्राने खास अधिसूचित केलेलेच करमुक्त असतात. बियाणे, मजुरी, मुलीचे लग्न यांचा पैसा यात घालू नका. उरलेल्यातला एक हिस्सा घाला.

प्रश्न : सरकार कसे काय दिवाळे काढते? काउंटी बुडाली तर लोकांचे काय होते?
— शिरपूर, माध्यमिक शिक्षक

दोन काउंट्या पाहा, दोघी वेगवेगळ्या वाटेने बुडाल्या.

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत दारिद्र्य नव्हतेच. तिचे खजिनदार रॉबर्ट सिट्रन काउंटीचा आणि जवळपासच्या शहरांचा, शाळांचा मिळून सुमारे ७.५ अब्ज डॉलरचा निधी सांभाळत. त्या निधीतून घेतलेले रोखे तारण ठेवून ते उसने घेत आणि त्यातून आणखी लांब मुदतीचे रोखे घेत. असे करत गुंतवणूक सुमारे २० अब्जांवर गेली. दर खाली राहतील यावर सगळा डाव होता. १९९४मध्ये अमेरिकी मध्यवर्ती बँकेने दर ३ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर नेला. रोख्यांचे भाव कोसळले, उसने देणाऱ्यांनी जादा तारण मागितले, आणि ६ डिसेंबर १९९४ रोजी काउंटीने दिवाळे जाहीर केले. नुकसान सुमारे १.६ अब्ज डॉलर. विक्रीकर अर्धा टक्का वाढवायचा प्रस्ताव लोकांनी १९९५मध्ये मतदानाने फेटाळला. मग नोकरकपात झाली, इतर कामांचा पैसा वळवला आणि नवे कर्ज काढले. ते फिटायला २०१७ उजाडले.

अलाबामातल्या जेफरसन काउंटीची कथा जास्त बोलकी आहे. सांडपाणी नद्यांत जाते म्हणून १९९६मध्ये न्यायालयीन तडजोडीने गटारव्यवस्था दुरुस्त करणे बंधनकारक झाले. खर्च फुगत गेला, लाचेचे प्रकार झाले आणि काही आयुक्त, ठेकेदार तुरुंगात गेले. कर्ज ३ अब्ज डॉलरवर पोचले तेव्हा हप्ता कमी दिसावा म्हणून स्थिर व्याजाचे कर्ज बदलत्या व्याजाचे केले आणि वर बँकांशी ‘स्वॅप’ करार केले : आम्ही तुम्हाला ठरलेला दर देऊ, तुम्ही आम्हाला बाजाराचा दर द्या. रोख्यांवर भरायचा बदलता दर आणि बँकेकडून मिळणारा बाजारदर एकत्र चालतील अशी समजूत होती. २००८मध्ये त्या रोख्यांचा विमा देणाऱ्या कंपन्यांचेच मानांकन उतरले. रोख्यांना गिऱ्हाईक राहिले नाही, काउंटीचे व्याज एकदम चढले, आणि बँकेकडून येणारा बाजारदर मात्र खाली गेला. दोन्हीकडून मार. नोव्हेंबर २०११मध्ये सुमारे ४.२ अब्जांचे दिवाळे निघाले.

लोकांचे काय? अमेरिकी कायद्याच्या ‘चॅप्टर ९’मध्ये काउंटी लिलावात निघत नाही; न्यायालय तिची कचेरी किंवा रुग्णालय विकायला लावू शकत नाही. धनकोंशी तडजोड होते. जेफरसनमध्ये सर्वांत मोठ्या धनको बँकेने बरेच सोडून दिले, डिसेंबर २०१३मध्ये काउंटी बाहेर आली, आणि सांडपाण्याची पट्टी पहिली चार वर्षे दर वर्षी ७ टक्क्यांहून जास्त वाढवायचे ठरले. गरीब वस्त्यांनी ती भरली. ज्यांनी स्वॅपवर सह्या केल्या त्यांच्यापैकी फारच थोड्यांना त्या कागदाचा अर्थ कळत होता असे मानायला जागा आहे.

प्रश्न : मानांकनात ‘एए’पुढे कंसात ‘सीई’ लिहिलेले असते, ते काय?
— नंदुरबार

‘क्रेडिट एन्हान्समेंट’, म्हणजे बाहेरून लावलेला टेकू : एस्क्रो, राखीव निधी, हमी. पालिकेची स्वतःची पत त्याहून कमी असू शकते. त्याच माहितीपत्रकात टेकू नसतानाचे मानांकन वेगळे दिलेले असते. ते शोधा आणि दोन्हींत किती अंतर आहे ते पाहा.

प्रश्न : आजोबा विचारतात, “भाऊ, हाई कर्ज कोन फेडी?” त्यांना एका वाक्यात काय सांगू?
— साक्री

घरपट्टीची पावती दाखवा. रोख्यांना घरपट्टी गहाण असेल तर त्यातला पहिला रुपया रोखेवाल्याचा, आणि उरलेल्यातून आजोबांच्या गल्लीतला दिवा.